खापरावरचा प्रकल्प

धरणगावात द्रौपदाबाईंच्या पोळीला तोड नव्हती, आणि हे द्रौपदाबाईंना दुसऱ्या कुणी सांगावं लागत नव्हतं. लग्न असो, बारसं असो, नाहीतर नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, खापरावरची पुरणपोळी म्हटलं की त्यांनाच बोलावणं. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. त्यावरची पोळी पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर खेळवत खेळवत कोपरापर्यंत वाढवायचा, आणि धोतरासारखी पातळ झाली की अल्लाद खापरावर सोडायची. हात जरा दचकला की संपलं. पोळीला बुबुळाएवढं भोक पडतं आणि त्यातून अख्खी पंगत आपल्याकडे बघते.

नव्वद सालच्या एप्रिलात, वार्षिक परीक्षा नुकत्याच आटोपल्या असताना, शाळेचे पंडित सर सायकल हातात धरून त्यांच्या दारात उभे राहिले.

"बाई, तुम्ही आमच्या परिसरातल्या उद्योजक आहात."

द्रौपदाबाईंना वाटलं, कसला तरी नवा कर आला. "नई हो सर. मी पोळ्या करस."

"तेच म्हणतोय मी. यंदा कार्यानुभवात मुलं वर्गात बसून पुठ्ठ्याची घरं करणार नाहीत. निकाल लागेपर्यंत गावातल्या कामधंद्यावर जातील, खरं काम करतील. त्याला प्रकल्प म्हणतात. तुमच्याकडे तिघं पाठवतो."

"पाठवा की. पोरी कामाच्या असल्या म्हंजे झालं."

सरांनी सायकलची घंटी उगाचच एकदा वाजवली. "मुलगे आहेत."

झालं होतं असं की कुणाची कुरकुर नको म्हणून सरांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. त्यात मुलींच्या वाट्याला छगन मिस्तरीचं विजेच्या मोटारी बांधायचं दुकान आलं आणि अभिमन, आधार, झिपरू या त्रिकुटाच्या वाट्याला द्रौपदाबाई.

"मंग बदलून टाका ना चिठ्ठ्या."

"एकाची बदलली की सगळ्या पालकांची रांग लागेल. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी," असं म्हणून सर सायकलवर टांग टाकून गेले ते मागं वळून पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. अभिमन कबड्डीतला, हात गुडघ्याला टेकणारे. आधार अंगानं भरलेला, नजर सारखी डब्यांवर. झिपरू इतका बारका की त्याला चुलीमागं बसवलं तर शोधावा लागे. मास्तरांनी पाठवलेली लेकरं म्हणजे पाहुणेच की. पाहुण्याला काम कसं सांगायचं? द्रौपदाबाईंनी त्यांना खाटेवर बसवलं आणि शेवभाजी वाढली. दुसऱ्या दिवशी कळण्याची भाकरी आणि ठेचा झाला. तिसऱ्या दिवशी आधार येतानाच विचारत आला, "अक्का, आज काय प्रकल्प शे?"

द्रौपदाबाईंच्या हाताखाली भिकुबाई आणि तानुबाई होत्या. त्या पुरण वाटता वाटता एकमेकींना कोपरानं ढोसत. भिकुबाईंना शेवटी राहवलं नाही. "अक्का, हाऊ प्रकल्प शे का पंगत?"

तेवढ्यात जिनिंगवाल्या बन्सीलाल शेठचा निरोप आला आणि पाठोपाठ शेठ स्वतःच आले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांचे नवे जावई धुळ्याहून यायचे होते, आणि त्यांच्याबरोबर विहीणही.

"लिलाबाई म्हणतात, खापरावरची पोळी खावी तर धुळ्यालाच. इकडं जळगावाकडं नुसती जाड रोटी करतात म्हणे," शेठ घाम पुसत म्हणाले. "पोळ्या माझ्या अंगणात करायच्या, अक्का. त्यांच्या डोळ्यांदेखत. लेक नवीन आहे त्या घरात. पहिल्याच सणाला तिला टोमणा नको."

"जाड रोटी?" द्रौपदाबाईंनी पदर खोचला. "या म्हणा त्यासले. चावता येवाव नई, वितळी जाई."

शेठ गेले. भिकुबाई आणि तानुबाई मात्र पुरणातले हात तसेच ठेवून द्रौपदाबाईंकडे बघत राहिल्या.

"अक्का," तानुबाई हळूच म्हणाल्या, "आखाजीले आम्ही माहेर जातस ना."

द्रौपदाबाईंनी कपाळावर हात मारला. आखाजीला खानदेशात सासुरवाशीण सासरी शोधून सापडत नाही. भिकुबाईंचं माहेर दोंडाईचाचं, तानुबाईंचं भुसावळकडचं, आणि त्या गेल्या नाहीत तर माहेरचे लोक बैलगाडी घेऊन दारात येऊन बसतील. बरं, गावच्या लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यांना बोलवावं, तर त्यांना त्या दिवशी कुणी पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही. त्या निंबाला झोके बांधून गाणी म्हणणार. हे शेंबड्या पोराला माहीत आहे. द्रौपदाबाई विसरल्या, कारण त्यांना माहेरच उरलं नव्हतं. आईबाप गेले, भाऊ सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. मग आखाजी म्हणजे आंब्याचा भाव चढतो तो दिवस, एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं होतं.

"शेठले नई सांगी द्या," भिकुबाई म्हणाल्या.

"आणि ती धुळ्याची बाई काय म्हनी? दखा, पळनी!"

बोलता बोलता त्यांची नजर खाटेवर गेली. तिथं अभिमन दोन्ही हात डोक्यामागं घेऊन पसरला होता. ते हात खाटेबाहेर केवढे तरी लोंबत होते.

"ऊठ रे," द्रौपदाबाई म्हणाल्या. "कोपरापर्यंत हात धू."

पाहुणचार त्या क्षणी संपला. अभिमनच्या मनगटावरचे काळे दोरे कापले गेले. पहिले दोन दिवस पीठ मिळालंच नाही, ओला टॉवेल हातावर खेळवायचा. तिसऱ्या दिवशी उंडा मिळाला. पहिली पोळी फाटली. दुसरी झिपरूच्या डोक्यावर बसली आणि तो टोपी घातल्यासारखा चुलीपुढं बसून राहिला, कारण जाळ कमी करायचा नाही अशी अक्कांची ताकीद होती. पोरगं जाळाचं मात्र पक्कं निघालं. आधारला उंडे भरायला बसवलं. त्याचं पुरण उंड्यात कमी आणि तोंडात जास्त जाई, तेव्हा अक्कांनी त्याला तोंडात सुपारी धरून काम करायला लावलं. फाटक्या पोळ्या गल्लीतल्या शेळीला जात. त्या आठवड्यात शेळी अशी टुमटुमीत झाली की तिची मालकीण रोज येऊन विचारी, "आज फाटनी का नई?"

अभिमनची वेगळीच अडचण होती. त्याचे वडील मोतीलाल हे बन्सीलाल शेठच्याच जिनिंगमध्ये मुकादम. आवाज असा की भोंग्याची गरज नाही. त्यांना पोरानं सांगून ठेवलं होतं की आपण छगन मिस्तरीकडे मोटारी बांधतो. वडील खूश. त्यांनी घरचा बंद पडलेला पंखा त्याच्यापुढं आणून ठेवला. अभिमननं वर्गातल्या कोकिळाचे पाय धरायचेच बाकी ठेवले. ती चिठ्ठीनं मिस्तरीकडे गेलेली. वही मागायच्या निमित्तानं येऊन तिनं पंखा फिरता करून दिला. त्यावर मोतीलाल पोराचं कौतुक गावभर सांगत सुटले, "आमना आंडोर इंजिनेर व्हई!"

आखाजीच्या सकाळी शेठच्या अंगणात चूल पेटली. द्रौपदाबाईंनी चुलीभोवती कनात बांधून घेतली होती. कनातीबाहेर गादीवर लिलाबाई विहीण बसल्या होत्या, नाकात नथ, हातात पंखा, शेजारी जावई. अंगणात खाटा मांडायचं काम मोतीलालकडे.

"हाई पडदा कसाले?" लिलाबाईंनी विचारलं.

"पोळीले नजर लागस," द्रौपदाबाई कनातीतून म्हणाल्या. "पातळ राहस ना."

"धुळ्याले नई लागत."

"तठे जाड राहत असतीन."

बन्सीलाल शेठना घाम फुटला. पण पोळ्या येत होत्या. रुमालासारख्या घड्या घातलेल्या, वर तुपाची धार, बाजूला आमरस. लिलाबाई प्रत्येक घडी उलगडून उजेडापुढं धरत आणि भोक न सापडल्यानं खट्टू होत. आत पहिल्या काही पोळ्या अक्कांनी स्वतः केल्या. पण पंगत मोठी आणि हात दोनच. मग अभिमन पुढं झाला. अक्का नुसत्या त्याच्या हातांकडे बघत होत्या, ओठ हलवत, जप करावा तशा.

आणि भर दुपारी, वारं पडलेलं असताना, रस्त्यावरून गरगरत एक वावटळ आली, शेठच्या फाटकातून पाहुण्यासारखी आत शिरली आणि कनात घेऊन गेली.

सगळं अंगण बघत राहिलं. चुलीमागं राखेनं माखलेला झिपरू. तोंडात सुपारी धरलेला आधार. आणि मधोमध अर्ध्या चड्डीतला अभिमन, दोन्ही हातांवर या कोपरापासून त्या कोपरापर्यंत पसरलेली पोळी.

"अभिमन!" मोतीलालचा भोंगा वाजला.

पोरगं दचकलं. पोळीची कड थरथरली. बन्सीलाल शेठनी डोळे मिटले. द्रौपदाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"पोळीकडे दख," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाप काही पळी जात नई. पोळी फाटस."

अभिमननं पोळीकडे पाहिलं. हात एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि पोळी खापरावर अशी उतरली की कुणी झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं. भोक नाही, सुरकुती नाही. तिला फोड आले, वास सुटला, तेव्हा कुठे अंगणानं श्वास सोडला.

"तू छगन मिस्तरीकडे व्हता ना?" मोतीलाल जवळ येऊन म्हणाले.

"नाही, आबा."

"मंग घरना पंखा कोणी सुधारा?"

"कोकिळानं."

मोतीलालनी तोंड उघडलं, पण कुठली गोष्ट आधी ओरडावी ते त्यांना ठरवता येईना. तोवर लिलाबाई गादीवरून उठल्या होत्या. त्या चुलीपाशी आल्या. द्रौपदाबाईंनी पदर सावरला. आता जे व्हायचं ते होऊ दे, वर्षानुवर्षांचं नाव आज एका वावटळीत गेलं, असं त्यांना वाटलं.

"तुमन्या बाया कोठे शेतस?" लिलाबाईंनी विचारलं.

"माहेर गयात. आखाजी शे ना. माले याद राहिनी नई."

लिलाबाईंनी खापरावरची ती पोळी घडी घालून उचलली. एक घास चावला. डोळे मिटले. मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मना दोन्ही मोठ्या सुना बी माहेर गयात. कालपासून घरमा चूल पेटनी नई. नईतर मी व्याहीना घर कसाले उनी असती?"

शेठच्या घरातल्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. लिलाबाईंनी घडी संपवली, बोटं चाटली.

"धुळ्यासारखीच शे," त्या म्हणाल्या. याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्याजवळ नव्हतं.

"नई," द्रौपदाबाई म्हणाल्या. "धरणगावसारखी शे."

"बरं, बरं. धरणगावसारखी." मग विहीणबाई गर्रकन मुलाकडे वळल्या. "आणि तू काय बसी राहिना? ऊठ. हात धू. पुढली आखाजीले मी उपाशी नई राहाव."

जावयांना नाही म्हणायला जागाच नव्हती. त्यांनी उंडा घेतला, झुलवला, आणि पोळी खापरावर जायच्याऐवजी सासऱ्यांच्या पायांवर जाऊन पडली. दाराशी उभ्या म्हाताऱ्या म्हणाल्या, जावई संस्कारी आहे, सणाला नमस्कार केला.

संध्याकाळी पंडित सर आले. मूल्यमापन करायचं होतं, आणि आधारनं आमरसाचं सांगून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "काय शिकलात?"

"पोळी करणाऱ्याला पोळी खायला मिळत नाही," आधार सुपारी थुंकून म्हणाला.

सर हसले. अभिमन मात्र चुलीकडे वळला. एक शेवटचा उंडा उरला होता. झिपरूनं जाळ सारखा केला. पोळी झाली, घडी पडली, तूप पडलं, आणि ताट अक्कांच्या पुढ्यात आलं.

"अक्का, तुमची."

द्रौपदाबाई तिथंच चुलीशेजारी बसल्या. आखाजीच्या दिवशी दुसऱ्याच्या हातची पोळी त्यांच्या ताटात शेवटची कधी आली होती, ते त्यांना आठवेना. त्यांनी एक घास घेतला.

"पुरण एकीकडे गयं," त्या म्हणाल्या आणि कडेचा शेवटचा तुकडाही ताटात ठेवला नाही. मोतीलाल कडेला उभे राहून पोराच्या हातांकडे बघत होते. "पोरना हात बापवर गया," असं ते शेजारच्याला हळू आवाजात सांगत होते, पण त्यांचा हळू आवाजही स्टेशनापर्यंत जाई.

निघताना लिलाबाईंनी द्रौपदाबाईंचा हात धरला. "पुढली आखाजीले धुळ्याले या. पोरं बी आना. गाडी पाठवस."

"दुसरा कोणता बी दिन सांगा," द्रौपदाबाई म्हणाल्या. त्यांनी पोरांकडे पाहिलं. ती निंबाखाली मोकळ्या झोक्यावर कुणी आधी बसायचं यावरून भांडत होती. "आखाजीले जमाव नई. आखाजीले मना घर पोरं येतस."

लिलाबाईंनी धरलेला हात सोडला नाही.

"मंग मी बी येस," त्या म्हणाल्या. "सुना तर माहेरच राहतीन ना."