बॉनेटवरचा चौकोन

ओट्यावरचं झाकण घसरून फरशीवर खणखणलं आणि अंगणात गाडीवर वाकलेल्या मेघाचा हात थांबला. आत निजलेली लेक, चिऊ, उठली की काय? तिनं कान दिला. आत नुसता पंखा फिरत होता. ती पुन्हा घासू लागली.

धुळ्याला आज नानांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, डोळ्याची पट्टी निघणार होती. तिचा नवरा स्वप्नील त्यांना बसनं घेऊन गेला होता. ब्रेकचं निमित्त सांगून गाडी मेघानंच घरी ठेवून घेतली होती.

दोन वर्षं मोतीबिंदूनं नानांना धड दिसत नव्हतं. रोज सकाळी लाल मारुतीवर तळवा फिरवत ते विचारायचे, “मेघा, कशी दिखस मनी गाडी?” जळगावच्या उन्हानं रंग पार विटला होता. पण तेव्हा सासूबाई नुकत्याच गेलेल्या. “आरशासारखी, नाना,” ती म्हणून गेली, आणि मग रोज तेच म्हणावं लागलं. सासूबाईंच्या शेवटच्या घटकेला जवळ तीच होती. ‘उभ्या जन्मात घेतलं नव्हतं ते तुमचं नाव घेतलं त्यांनी,’ हेही तिनंच सांगितलेलं. नाना त्या एका वाक्यावर जगत होते.

सुनेनं आपल्याला बनवलं, हे त्यांना कळता कामा नये.

दारं, टप, डिकी झाली होती. रंग उजळायच्या कंपाउंडचा लेप लावून घासलं की रंगाचा मेलेला थर निघून फडकं लाल व्हायचं नि खालून चकाकी वर यायची. उरलं बॉनेट. त्यावर मधोमध सासूबाईंचं स्वस्तिक होतं. दर दसऱ्याला त्या तेलात कालवलेल्या कुंकवानं ते काढायच्या. तेलानं तेवढ्या रेघा गडद राहिल्या होत्या. सगळं घासलं तर त्या मिसळून जाणार. मेघाचा हात धजेना. भोवती कागदी टेप लावून तिनं तेवढा चौकोन राखला आणि बाकीचं बॉनेट घासून काढलं.

फोन वाजला. “स्टँडवर उतरून रिक्षात बसलो,” स्वप्नील म्हणाला. “नाना रस्त्यावरची एकूण एक पाटी वाचतायत. डोकं उठवलंय.”

तिनं टेप ओढून काढली आणि फाटक वाजलं.

“नाना, चष्मा काढू नका,” स्वप्नील म्हणेपर्यंत काळा चष्मा कपाळावर गेला होता. नाना गाडीभोवती सावकाश फिरले. चेहरा खुलला. “खरंच आरसा शे वं.”

मेघानं श्वास सोडला.

नाना बॉनेटशी आले. स्वस्तिकाच्या रेघांवरून बोट फिरलं, फिरत चौकोनाच्या कडेला आलं. बाहेर लखलखीत, आत विटकं. त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. टोकाला विटक्या रंगाची लाल भुकटी लागली होती.

“बठ्ठी गाडी आशीच व्हती ना, मेघा?” त्यांचा हात सगळ्या गाडीवरून फिरला.

तिनं हातातलं फडकं मुठीत आवळलं. “नाना, मी… तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

नाना घराकडे वळले. दारात चिऊ डोळे चोळत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नानांनी उंबऱ्यावर पाय ठेवला.

“आई,” चिऊनं विचारलं, “मग आजीनं नानांचं नाव घेतलं, तेपण खोटंच?”

नानांचा पाय उंबऱ्यावरच राहिला.