भिकन आबांचं म्हणणं

लोटनकाका छपरावर उकिडवे बसून पत्र्याचे नट सोडवत होते. दोन पत्रे आधीच उतरवून भिंतीला टेकवले होते. मृणाली रिक्षातून उतरली आणि वर बघत तिथेच उभी राहिली.

"काका, पत्रे का काढताय?"

"जेसीबी येवाना आधी हाई तरी वाची जाई, बेटा." काकांनी हातातला पाना थांबवला. आवाजात तक्रार नव्हती, कौतुकच होतं. "तूच सांगं व्हतं ना टीव्हीवर. सारा गावनी ऐकं."

मृणाली धुळ्याच्या एका विधी महाविद्यालयात शिकवत होती. कायद्याची मोठी बातमी आली की एका वृत्तवाहिनीवरून तिला फोन यायचा. वीस दिवसांपूर्वी गायरानावरच्या घरांबद्दल निकाल आला, तेव्हाही आला होता. नरडाण्यापासून चार किलोमीटरवरची ही एकोणीस घरं गायरानातच होती. शेवटचं घर तिच्या वडिलांचं.

त्या दिवशी ती म्हणाली होती, "अशा जमिनीवर राहणाऱ्याला मालकीचा हक्क सांगता येत नाही. निकाल स्पष्ट आहे." पुढचं वाक्य तयार होतं. प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कुणाचं घर हलवता येत नाही, असं ते होतं. पण जाहिराती लागल्या आणि परतल्यावर निवेदक दुसऱ्याच पाहुण्याकडे वळला. आपल्याला बोलू दिलं नाही, असं तिने घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं होतं. दोनच मिनिटं मिळणार, हे मात्र तिला आधीपासून ठाऊक होतं. दोन वाक्यांतलं ठसठशीत वाक्य तिने आधी घेतलं होतं.

काका सांगत गेले. निकालानंतर घरोघरी नोटिसा येऊन पडल्या होत्या. पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्या, नाही तर काही म्हणायचं नाही असं धरलं जाईल. मुदत उद्या, सोमवारी संपत होती. एकाही घराने काही लिहिलं नव्हतं. तालुक्याचा वकील गाठू, असं दोघांनी सुचवलं तेव्हा बाकीचे हसले होते म्हणे. आपल्या पोरीपेक्षा तो वकील काय जास्त सांगणार होता? गेल्या रविवारच्या वंदनेनंतर विहारात मोबाईलवर तिचंच बोलणं तीनदा लावलं गेलं, आणि नोटिसा घड्या घालून ठेवल्या गेल्या.

तिने सगळ्यांना विहारात बोलावलं. फुलस्केप कागदांचा गठ्ठा मागवला. राहायला आलो ते साल, घरपट्टीची पावती, विजेचं बिल, शिधापत्रिका, ज्याच्याकडे जे असेल ते आणा म्हणाली. लोक आले. ऐकून घेतल्याशिवाय घर हलवता येत नाही, हे तिने सांगितलं, पण कागद कुणी पुढे करीना. शेवटी ताईबाईंनी विचारलं. त्या तिच्या आईच्या वयाच्या होत्या आणि मनातलं ठेवत नसत.

"मंग तू टीव्हीवर खोटं बोलनी का?"

"खोटं नाही, अक्का. अर्धं."

"मोठा शिकेल माणूसनं अर्धं लई महाग पडस," ताईबाई म्हणाल्या आणि पदराखालची पिशवी तिच्यापुढे ठेवली. मग कागदांची रांग लागली. लोटनकाकाही खाली उतरून आले.

दुपारभर ती लिहीत होती. पाच वाजेपर्यंत अठरा अर्ज झाले. कुणी सही केली, कुणी अंगठा दिला.

एकोणिसावा राहिला, तिच्या वडिलांचा. भिकन आबा घरात, खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. त्यांनी नरडाण्याच्या कारखान्यांत पोती वाहिली होती. मृणाली कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी अक्षरं गिरवायला घेतली.

"तुम्हाला तर वाचता येतं, आबा. नोटिशीत मुदत लिहिलीय. तुम्ही का नाही लिहिलं?"

आबांनी गुडघा चोळला. "तू टीव्हीवर एक सांगस, आनि मी उलटं लिखू? बापलेच पोरना भरवसा नही, आसं म्हनतीस लोके."

कोरा कागद काढून तिने मांडीवर घेतला, तसा आबांनी हात पुढे केला.

"मना अर्ज मीच लिखस."

त्यांना पाऊण तास लागला. प्रत्येक शब्द ते आधी ओठांवर घेत आणि मगच कागदावर ठेवत. लिहून झाल्यावर त्यांनी कागद तिच्याकडे दिला आणि बाहेर बघत बसले.

'माझी मुलगी प्राध्यापक आहे. तिने टीव्हीवर सांगितले की आमचा हक्क नाही. तिचे शिक्षण मोठे आहे, ते बरोबर असेल. पण तिचा जन्म याच घरात झाला. हे तिला कोणी विचारले नाही व तिने सांगितले नाही. म्हणून मी सांगतो. एकेचाळीस वर्षे झाली. आमचे ऐकून घ्यावे.'

मृणालीने दोनदा वाचलं. सरकारी बाजूचा माणूस दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवून बाकीचा कागद बाजूला सारील, हे तिला दिसत होतं. वर्गात तिने मुलांना हेच शिकवलं असतं.

"आबा, वरची तीन वाक्यं काढली तर अर्ज पक्का होईल."

"खरं नही का ते?"

"खरं आहे."

"मंग ऱ्हाऊ दे."

तिने पेनाचं टोपण काढलं, पण वरच्या वाक्यांकडे ती गेली नाही. आबांच्या सहीखाली तिने 'साक्षीदार' असा शब्द लिहिला, त्यापुढे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि पत्त्यापाशी थांबली. आबा आता खिडकीकडून वळून तिच्या हाताकडे बघत होते.

अर्जाच्या माथ्यावर आबांनी घराचा पत्ता लिहिला होता, घर एकोणीस, गायरान. वर बघत बघत तिने तोच पत्ता आपल्या नावाखाली उतरवला.