बाबांच्या खोलीकडची भिंत

डेल निएमी रात्री बेकरीत पाव भाजायचा आणि दिवसा झोपायचा. म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचा. पलीकडच्या खोलीत त्याच्या वडिलांचं, तोइव्होंचं, ऑक्सिजनचं मशीन अखंड घरघरत असे. त्यात म्हाताऱ्याची टीव्हीवरची हॉकी आणि वर हाका. कॉफी झाली का, बर्फ थांबला का, रिमोट कुठं गेला. डेलचं डोकं उठलं होतं.

त्याचा मित्र लॉइड घरांच्या भिंती करायचा. कॅनडातल्या त्यांच्या थंडर बे गावात लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकले की झाली भिंत. "आपल्या बाजूनं अजून एक थर मारू. बारीक पट्ट्या, त्यावर बोर्ड. जागाही फार जाणार नाही," लॉइड म्हणाला. छातीठोक बोलण्यात या माणसाचा हात कोणी धरला नसता.

दोघांनी एका रविवारी काम उरकलं. हॉकी गेली, हाका गेल्या. घरघर मात्र आधीपेक्षा वाढली. उशीतून थेट दातांत शिरू लागली.

लॉइडने येऊन भिंतीवर तळहात टेकला आणि त्याचं तोंड उतरलं.

"दोन थरांमधली पोकळी कमी पडली रे. मधली हवा स्प्रिंगसारखी नाचतेय. बोलण्याचा आवाज अडला, पण असला जाडा घुमारा उलट वाढतो."

"हे आधी सुचलं नाही तुला?"

"सुचलं असतं तर इथं शिव्या खायला आलो असतो का? उखडू. रुंद पोकळी ठेवून नीट करू."

"बघू," डेल म्हणाला. बघू म्हणता म्हणता महिना गेला. झोप धड लागत नव्हती, पण कोणी हाक मारून उठवतही नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला तेच बरं वाटत होतं.

मग एका दुपारी तो कॉफी घेऊन गेला, तर बाबा पलंगाशेजारी जमिनीवर पडलेले. नळी नाकात होती, एक पाय भलताच वळला होता. त्याने आधी अँब्युलन्स बोलावली, मग ब्लँकेट आणलं.

"बाबा, हाक का नाही मारलीत?"

"मारल्या की. सकाळी बऱ्याच मारल्या." तोइव्हो दमून बोलत होते, आवाजात राग नव्हता. "मग म्हटलं, पोरानं एवढे कष्ट करून भिंत घातलीय. आपण कशाला मोडता घालायचा?"

भिंत मशीनचा आवाज अडवायला घातली होती, तुमच्या हाका अडवायला नाही, असं डेलला सांगायचं होतं. पण तो नुसता त्यांच्या अंगावरचं ब्लँकेट नीट करत राहिला.