आरती संपली की बंद पडणारा कॉम्प्युटर

संगणक कक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना पोरं लटकलेली, दारात बायका, आणि मधोमध शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर, झेंडूचा हार घालून! त्याच्यापुढे बिभीषणबाबा डोळे मिटून बसलेले.

"यंत्रात जीव असतो, माउली. त्याला शिवाशिव कळते."

"कळते, बाबा!" बायका म्हणाल्या. जणू कॉम्प्युटरनं घरोघरी फोन करून कळवलं होतं.

झालं होतं असं. खंडेनवमीला शाळेत यंत्रपूजा होती. फोटो नीट यावा म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी, सुमंत सरांनी, टेबल पुढे ओढलं आणि कॉम्प्युटरचा डबा धाडकन फरशीवर आदळला. सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून तो चालू व्हायचा, थोडा वेळ चालायचा आणि आपोआप बंद पडायचा. डबा आदळणं गाव विसरलं, बंद पडणं तेवढं लक्षात ठेवलं. मग शोध सुरू झाला, पूजेला डब्याला कुंकू कुणी लावलं? निकितानं.

निकिता माझ्या बाकावर बसते. कॉम्प्युटरमध्ये अख्ख्या शाळेत तिचा हात धरणारं कुणी नाही. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला कोपरगावकडे जातात आणि ती आजीपाशी राहून शिकते.

बाबांनी डबा सकाळपासून लाल कपड्याखाली बंद ठेवला होता. "मंत्रानं बांधलाय." आता बटण दाबलं. स्क्रीन उजळली. टाळ्या! बाबांनी लांबलचक आरती धरली. ती संपता संपता एक डोळा उघडून म्हणाले, "आता त्या पोरीला आत आणा."

निकिता आत आली आणि पट्! स्क्रीन काळी.

"पूजेदिवशी तुला शिवायचं नव्हतं ना, पोरी? खरं सांग!" भर गर्दीत बाबांनी विचारलं. निकितानं मान खाली घातली. आम्हाला विज्ञान शिकवणारे सुमंत सर हातात नारळ धरून उभे होते. ते नारळाकडेच बघत राहिले.

"म्या न्हाई हिला ठिवून घेनार," तिची आजी छबूबाई रडायलाच लागली. "समदं गाव थुकंल तोंडावर. जाऊ द्या आईबापासंगं तोडीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघाला. कोयते, भांडी आणि एक शेळी यांच्यामध्ये निकिता बसली होती. वरून ओरडली, "भार्गे, तो डबा हलवून बघ! आत खुळखुळतंय कायतरी. मी सांगत हुते, कुनी ऐकलंच न्हाई."

मी तडक शाळेत गेले. "सर, डबा उघडायचाय."

"बाबांनी हात लावू नका म्हटलंय, भार्गवी."

"मग बाबांनाच बोलवा. आता निकिता गावात नाहीये. बाबांनी एकट्यानं त्या खोलीत बसावं. यंत्र बंद नाही पडलं तर मी भर चौकात त्यांच्या पाया पडेन."

हे गावात पसरलं आणि पुन्हा गर्दी जमली. लोकांदेखत बाबांना नाही म्हणता येईना. कॉम्प्युटर सुरू झाला, आरती झाली. बाबा घाईनं म्हणाले, "आता बंद करा, यंत्र दमलं."

"दमू द्या की," मी दारातून म्हणाले.

पट्!

"अगं बाई, बाबा, तुमाला बी शिवायचं नव्हतं का?" खिडकीतून लंकाबाई ओरडली. सगळा व्हरांडा हसला.

मी आधी वायर काढली. डबा हलवला तर आत खरंच काहीतरी खुळखुळलं. सुमंत सरांनी मोबाईलवर माहिती काढली आणि आम्ही बाजूचं झाकण उघडलं. हिशेब करणारी चिप चालताना तापते. तिला थंड ठेवायला वर ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि पंखा असतो, चार पायांवर घट्ट बसवलेला. पडल्यावर त्यातले दोन पाय सुटले होते आणि ठोकळा लोंबकळत होता. चिप फार तापली की जळू नये म्हणून कॉम्प्युटर स्वतःच बंद होतो. थंड झाला की पुन्हा चालतो. बाबांच्या लाल कपड्याचा मंत्र तो हाच. पहिल्या आरतीच्या आदल्या दुपारी ते दार लावून इथं 'ध्यान' करत होते, तेव्हा यंत्र किती वेळ टिकतं ते त्यांनी बघून ठेवलं होतं. आरती तेवढ्याच लांबीची. निकिताला बोलावलं ते बरोबर शेवटी.

सगळं थंड झाल्यावर पाय दाबून बसवले. टक्, टक्. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला.

"बाबांनीच तुला बुद्धी दिली बघ," एक आजोबा मला म्हणाले. मला रडू की हसू कळेना.

दुसऱ्या दिवशी सरांनी निकिताच्या वडिलांना फोन लावला. "ती आता कामाला लागली, सर. आन तिची आजी ठिवून घेती का?" मी छबूबाईकडे धावले, सगळं समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "कापुटरचं कळलं गं. पर चारचौघांत नाव निगालं ते निगालंच की."

म्हणून हात जोडून सांगते. यंत्र पडलं तर वायर काढा, थंड होऊ द्या, उघडून बघा, जाणत्याला विचारा. पाळी येणं ही शरीराची साधी गोष्ट आहे, पंख्याच्या पायांशी तिचा काडीचा संबंध नाही. पडलेल्या डब्याचं झाकण त्याच दिवशी उघडलं असतं, तर निकिता वर्गात असती. आज ती कोपरगावच्या फडात उसाच्या मोळ्या बांधतेय.