थोरलीचं नाव वर

तेजश्रीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि साडी सावरत खुर्चीत चक्क मांडी घातली. लग्नाआधी ती अशीच बसायची. आईला ते तेव्हाही खपत नसे, आताही खपलं नाही.

"तेजे, आवर. आप्पा जीप घेऊन येत्याल. शिरूरला कचेरीत गर्दी हुती मग," साखरबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"आले गं. सत्याचं एवढं बघून देते."

सत्या म्हणजे धाकटा भाऊ सत्यजीत. तो लग्नांच्या शूटिंगची कामं घ्यायचा. घ्यायचा झटपट, द्यायचा सावकाश. पोपटरावांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात लागलं, मुलगी पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली, तरी सीडीचा पत्ता नव्हता. उद्या ती सासरी निघायच्या आत सीडी हातात पडली नाही, तर उभ्या तळेगावात सत्यजीतला कोणी वरातीलासुद्धा बोलावणार नव्हतं. आणि मशीन तर अक्षता पडायच्या आधीच अडून बसलं होतं. डिस्कवर जागा नाही म्हणत होतं.

पडद्यावर दोन नावं उमटली. वर तेजू, खाली सत्या. शिरूरच्या कॉलेजात असताना अभ्यासासाठी तिने विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवलं होतं. एकाच मशीनमध्ये दोन बिऱ्हाडं. चालू केलं की मशीन विचारायचं, कोण? कोणीच काही दाबलं नाही, तर जरा वाट बघून वरच्या नावाचं दार उघडायचं. थोरली म्हणून तिने आपलं नाव हट्टाने वर घातलं होतं, आणि त्यावरून सत्यजीत रुसून जेवला नव्हता.

"अजून माझंच नाव वर? मी दौंडला सासरी गेल्यावर बदललं न्हाईस?" तिने शेजारी बसलेल्या सत्यजीतला विचारलं.

"असू दे की. थोरलीचं वर."

"म्हंजी रोज खाली जाऊन तुझं नाव दाबतोस?"

"एखाद्या वक्ताला इसरतो. मग तुझंच चालू हुतं. परत बंद करायचं."

तेजश्रीला हसू आवरेना. ती आपल्या बाजूला शिरली आणि आणखीच हसली. सत्यजीतने जागेपायी आपली सगळी गाणी पुसली होती, जुनी लग्नं सीडीवर हलवली होती, आणि इकडे तिची अर्धी डिस्क जवळजवळ रिकामी पडली होती.

"अरे येड्या, एवढं मोकळं रान हाय. का न्हाई घेतलंस?"

"ते तुझं हाय."

"मी काय हितं राहते आता? थांब, सगळंच देऊन टाकते तुला. हक्कसोड करते."

ती हसतच बोलली, पण स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

आज शिरूरला जायचं ते हक्कसोडीसाठीच. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईसह दोघा भावंडांची नावं लागली होती. आता लेकीचं लग्न झालं, म्हणजे तिने सही करून आपला हिस्सा भावाला सोडायचा. इकडची रीतच ती. आईने फोनवर सांगितलं तेव्हा तेजश्री लगेच हो म्हणाली होती. जमीन तिला नकोच होती. पण तिथून आपलं नाव जाणार, याचं तिला फार वाईट वाटलं होतं. आणि वाईट वाटतंय, याची लाजही वाटली होती.

तिने आपल्या बाजूच्या भागावर खूण केली. आता एक कळ दाबायचाच अवकाश. सत्यजीतने झटकन माऊस ओढून घेतला.

"सगळं पुसलं, तर तुझं नाव जाईल की तिथनं!"

"जाऊ दे. काय करायचंय नाव?"

"मला पायजे," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "चालू केलं की दोन नावं दिसत्यात. बरं वाटतं."

तेजश्रीने पदराने उगाच पडद्यावरची धूळ पुसली. मग माऊस परत घेतला.

"बरं, मग आसं करू. कडंची पट्टी माझ्यापुरती ठेवते. बाकीचं सामाईक. आपल्या न् आप्पांच्या विहिरीगत. दोन्हीकडनं दिसंल, दोघांनीबी उपसायचं."

"आसं हुतं?"

"न करायला काय झालं?"

तिने आपलं थोडंफार सामान कडेच्या पट्टीत हलवलं, मोठा तुकडा मोकळा केला आणि दोन्हीकडून वाचता येईल असा पुन्हा बांधला. एवढ्यात दारात हॉर्न वाजला आणि चुलते भिमाजी, म्हणजे आप्पा, आत आले. धोतर परीटघडीचं, टोपी कडक.

"चला पोरांनो. सायब जेवाय जायच्या आत पोचाया पायजे."

सत्यजीत उठला नाही. "आप्पा, जीप जाऊ द्या. ताई हितं लागंल मला. लगीन अडकलंय."

"आन् सही?"

"मला न्हाई लागत सही."

"न्हाई लागत? बरं, मग उद्या जाऊ."

"उद्याबी न्हाई लागत, आप्पा."

भिमाजींनी साखरबाईंकडे पाहिलं. त्या केव्हाच्या दारात येऊन उभ्या होत्या. हात कोरडेच होते, तरी पदराला पुसत होत्या.

"भावजी, बसा," त्या म्हणाल्या. "चहा टाकते. आन् त्या जीपवाल्यालाबी आत बोलवा, त्या लेकरालाबी फराळ देते."

भिमाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. इकडे तेजश्रीने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. नवी जागा दोन्हीकडून दिसते का, ते बघायचं होतं. पडद्यावर दोन नावं उमटली.

"दाब तुझं," ती म्हणाली. "आधी तुझ्याकडनं बघू."

सत्यजीतने हात मांडीखाली घेतले आणि वरच्या नावाचं दार उघडायची वाट बघत खुशाल बसून राहिला.