गुन्ह्यात न बसणारी गाडी

"काका, तुम्ही घरी जा बघू," हवालदार पुन्हा म्हणाला. "ही गाडी गुन्ह्यात बसत नाय."

हैबती उतेकर बाकावरून हलले नाहीत. "माणूस पाडलाय मी."

"कबूल. पण कशानं? लायसन नाय, नंबर नाय, पासिंग नाय. वाहन म्हणून काय लिहू?"

"विजेवरची स्कूटर लिहा."

"उद्या कोणी येऊन मिक्सर लिहायला सांगंल." हवालदाराने पंख्याखाली मान नेली. "आन फिर्याद कुठं हाय? तो जखमी तर म्हणतो, मी घसरलो."

गुन्हेगार आपल्या पायाने चौकीत आला की अख्ख्या चौकीचा दिवस नासतो. हैबतींना चहा पाजून बाहेर काढण्यात आलं.

नोकरीभर हैबती महाडच्या स्टँडवर कंट्रोलर होते. कागदात खोट असेल तर गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर गुडघे गेले, तेव्हा मुंबईहून मुलाने, हर्षदने, त्या वर्षी नव्याने निघालेली विजेवरची स्कूटर आणून दारात उभी केली. "आबा, लायसन नको, नंबर नको, कसलाच कागद नको. आणि आवाज तर नाहीच!"

हैबती रात्रभर विचारात होते. रस्ता हा कागदवाल्या गाड्यांचा. हिला कागदच नाही, तर हिने रस्त्यावर जायचं कुठल्या तोंडाने? सकाळी त्यांनी स्कूटर फुटपाथवर घातली. गटारावर फरश्या टाकल्या की आमच्याकडे त्याला फुटपाथ म्हणतात. महाडात त्या काळी कायदा मोडायला लोक फुटपाथवर गाडी घालत. पाळायला म्हणून घालणारे हैबती एकटेच. शिवाय चालणाऱ्यांच्या मागे हॉर्न वाजवणं त्यांना असभ्य वाटे. म्हणून तोही वाजवत नसत.

नासिर पुरकर फुटपाथवरूनच चालायचा. निवृत्त ड्रायव्हर. पोलादपूर-महाबळेश्वरचा घाट त्याने तीस वर्षं चालवला. विनाअपघात सेवेचा बिल्ला घरात काचेच्या कपाटात, चांगल्या कपबशांच्या शेजारी. "रस्त्यावर काय काय येतं ते मी आतून बघितलंय," म्हणायचा, "म्हणून मी कडंनं चालतो." मार्चमधल्या एका दुपारी तो बेकरीपुढे चपलेचा अंगठा नीट करायला वाकला आणि मागून त्याचा जन्माचा दोस्त, जराही आवाज न करता, आला.

खुब्याचं हाड गेलं. साखर इतकी, की ऑपरेशनला डॉक्टर हात लावेनात. पायाला वजन बांधून नासिरला घरी पाठवलं.

"नासिर, माझं चुकलं रे."

"काय चुकलं?"

"मी धडक दिली तुला."

नासिरने छताकडे पाहिलं. "कुणी सांगितलं? मी घसरलो. फरशी ओली व्हती."

"या उन्हात?"

"बेकरीवाल्यानं पाणी मारलं असंल."

नासिरची बायको मेहरुन्निसा दारातून म्हणाली, "भाऊ, नादाला लागू नका त्यांच्या. तीस वर्षांत गाडीला चरा पडू दिला नाय. आता नावावर अपघात घेतील व्हय?"

"गप गो. चाय टाक याला."

हैबती रोज जाऊ लागले, चालत. स्कूटर अंगणात पडून मेली. रोज ते विषय काढत आणि रोज नासिर घसरत असे.

"निदान एक शिवी तरी दे."

"घसरणाऱ्याला लोक शिव्या देतात, हैबती. त्या हिशेबानं तूच मला दे."

हसण्यासारखं होतं. दोघे हसलेही. मग नासिरला खोकला आला आणि तो थांबेना.

मेच्या अखेरीस एकदा मेहरुन्निसा म्हणाली, "भाऊ, जरा कुशीवर वळवायला हात लावा." हैबतींनी हात लावला. पाठीवर मूठ बसेल एवढी जखम होती. वास आला. नासिर भिंतीकडे तोंड करून, घाटात धुकं असताना पूर्वी म्हणायचा तसा, "सावकाश, सावकाश" म्हणत राहिला.

मोरीपाशी हात धुताना ती हळूच बोलली, "मला ठाऊक हाय ओ ते कसे घसरले ते. पण माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. त्यांना आत ऐकू जातं."

मिरगाआधी नासिर गेला. छातीत कफ भरला, असं डॉक्टरने लिहिलं. म्हणजे तिथेही हैबतींची स्कूटर बसली नाही.

जनाजा निघाला तेव्हा हैबती डोक्याला रुमाल बांधून मागच्या बाजूला उभे होते. नासिरचा थोरला, मुसैब, गर्दीतून मागे आला. "हैबतचाचा, खांदा द्या," म्हणाला. एवढंच.

मुख्य रस्त्यावर खांदा बदलून हैबती बाजूला झाले, तसे दासगावचे एक पाहुणे त्यांच्या जोडीने चालू लागले. "चांगला टणक गडी व्हता. काय झालं काय?"

मुसैब दोन पावलांवर होता. त्याची मान वळली नाही, पण पाऊल मंदावलं. तीन महिने हैबती हे विचारणारा माणूस शोधत होते. हवालदाराने विचारलं नाही, नासिरने विचारू दिलं नाही. आता भर रस्त्यात, चारचौघांत, कोणीतरी विचारत होतं. हैबतींनी तोंड उघडलं.

"घसरला," ते म्हणाले. "फरशी ओली होती."

"च् च्. या वयात माणसानं बघून चालायला नको?"

"हो," हैबती म्हणाले. "बघून चालायला हवं."

मुसैब पुढे निघून गेला. मागे पोलादपूरची एस.टी. पहिल्या गिअरमध्ये रांगत होती. ड्रायव्हरने एकदाही हॉर्नला हात लावला नाही. रस्त्याच्या मधोमध माणसं चालली होती, आणि हैबती त्यांच्यातून हळूहळू मागे पडत, शेवटी बसच्या तोंडाशी एकटेच चालत होते.