पायपुसण्यापर्यंतच

मी पायपुसणं बोलतोय. हो, पायपुसणंच! फळा बोलतो, घड्याळ बोलतं, फाटकी छत्रीसुद्धा आपलं रडगाणं गाते, मग मीच काय घोडं मारलंय? पहिलीच्या वर्गाच्या दारात पडून मला सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत किती पाय येऊन गेले त्याला गणती नाही, पण माझं कुणी ऐकलं नाही. आज मला राहवत नाही म्हणून सांगतोय.

माझा जन्म काथ्याचा. एका लांबलचक शेडमध्ये यंत्रानं मला विणलं, कडा कापल्या आणि पाठीला रबर थापलं. मग बरेच दिवस मी दुकानाच्या कोपऱ्यात गुंडाळी होऊन उभा होतो. शाळेच्या शिपाईकाकांनी मला बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "दणकट आहे. पोरांना पुरून उरेल." तेव्हा मला केवढा आनंद झाला होता!

दारात पडल्यावर कळलं, की इथून माणसांचे चेहरे दिसतात ते खालून, नाकपुड्यांसकट. म्हणून मी माणसं पायांवरून ओळखायला शिकलो. आमच्या बाईंच्या चपला टाचेला झिजलेल्या, पण कितीही घाई असली तरी दोनदा घासल्याशिवाय आत जायच्या नाहीत. पोरं पाय पुसत नाहीत, माझ्यावरून थेट उडी मारतात. आणि पालक असतात ते नुसते उभे राहतात. डाव्या पायावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर. पोर आत गेलं तरी त्यांचा पाय काही निघत नाही.

दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी बाई सगळ्या पालकांना वर्गात बोलावतात. मोठाली माणसं पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर कशीबशी मावतात आणि बाई वर्षभराचा शिरस्ता समजावून सांगतात. मला तो तोंडपाठ आहे. दार आठ वीसला उघडतं. दप्तर मुलानं स्वतः खुंटीला अडकवायचं. पाण्याची बाटली, एक नॅपकिन, दोन पेन्सिली, त्याही घरून टोक करून. रोज पंधरा मिनिटं मुलाजवळ बसून वाचायचं. गृहपाठ मुलाचा आहे, तुमचा नाही. "गेल्या वर्षी एका बाबांना मी 'अक्षर सुधारा' असा शेरा दिला होता," असं त्या म्हणतात, आणि दर वर्षी सगळे हसतात.

मग येतो माझा नंबर. "आणि हे पायपुसणं बघून ठेवा. निरोप इथंच घ्यायचा. एकदाच टाटा करायचा आणि निघायचं. पालकांनी याच्या पलीकडे यायचं नाही."

बाईंचं त्यात चुकत नव्हतं. आधी आधी आया आत यायच्या, दप्तर लावून द्यायच्या, केस नीट करायच्या, जाताना परत एक पापा घ्यायच्या. रडायचं थांबलेलं पोर पुन्हा सूर लावायचं आणि त्याचं ऐकून आणखी चार. नियम आला आणि पाच मिनिटांत वर्ग शांत व्हायला लागला. खरं सांगतो, मला त्या वाक्याचा माज चढायचा. भल्याभल्यांना थोपवणारा मी!

भल्याभल्यांना म्हणालो खरा, पण नियम सगळे पाळत नव्हते. एक पॉलिशचे बूट होते, कानाला फोन लावून सरळ आत यायचे, डबा बाकावर ठेवायचे आणि तसेच बाहेर. बाईंनी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. एक उंच टाचा रोज म्हणायच्या, "आजच्या दिवस हं, बाई!" त्यांचा आजचा दिवस वर्षभर चालला.

ज्या वर्षाबद्दल सांगायचंय, त्या वर्षीच्या सभेतून सगळ्यांत शेवटी बाहेर आले ते राखाडी कापडी बूट. डाव्या बुटाच्या नाडीला दुहेरी गाठ. तळव्यांना रंगीबेरंगी दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. ही आई कपडे शिवायची, ते तिच्या बुटांनीच मला सांगितलं. सगळ्यांचे फॉर्म भरून झाले होते, ती मात्र माझ्यावर उभी राहून, कागद चौकटीला टेकवून अजून भरत होती. शेवटचा प्रश्न होता, 'मुलाबद्दल आम्हाला माहीत असायला हवं असं काही?' तिचं पेन तिथंच अडलं.

"बाई, हे रिकामं सोडलं तर चालेल?"

"चालेल की. काही नसेल तर उत्तमच!" बाई फळा पुसता पुसता म्हणाल्या.

सोमवारपासून तिची मुलगी यायला लागली. घरात तिला भिंगरी म्हणायचे, मग वर्गातही तेच नाव पडलं. भिंगरी आत जाण्याआधी माझ्यावर एक गिरकी घ्यायची. आई तिचे खांदे धरून तिला थांबवायची, एकदा टाटा करायची आणि निघायची. कितीही वाटलं तरी तिचा पाय माझ्या पलीकडे पडला नाही.

आठवडे गेले आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. मी वजन ओळखतो. माझं दुसरं कामच काय? पोरांची वजनं वर्षभर वाढत जातात, हळूहळू, मला छान कळतं. भिंगरीच्या आईचं कमी होत होतं. आधी थोडं, मग भराभर. आणि वजन उतरत असताना पाय मात्र सुजत चालले होते. नाडीची गाठ सैल झाली, मग नाडीच निघाली, मग बूट जाऊन पुरुषी मापाच्या सपाता आल्या. वर्गात कुणाला काही माहीत नव्हतं. बाईंनाही नाही. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी सांगणार कुणाला?

त्याच सुमाराला बाईंनी मुलांची चित्रं मागच्या भिंतीवर लावली. दारातून ती भिंत नीट दिसत नाही, मध्ये वह्यांचं कपाट येतं. भिंगरी आईचा हात धरून ओढायला लागली.

"आई, चल ना, माझं चित्र बघ."

"अगं, मला इथूनच दिसतंय. निळा निळा कोपरा दिसतोय बघ."

"तो नुसता कोपरा आहे! खरं चित्र कपाटाच्या मागे आहे."

"वर्गदर्शनाच्या दिवशी बघेन हं. त्या दिवशी सगळ्यांना आत जाता येतं. दीडच महिना राहिला."

वर्गदर्शन म्हणजे सत्राच्या शेवटच्या शनिवारी पालकांना वर्ग दाखवतात, तो दिवस. त्यानंतर भिंगरी रोज विचारायची, "आता किती दिवस राहिले?" आणि आई रोज बरोबर आकडा सांगायची. मी खालून ऐकायचो. ते हलकं हलकं होत चाललेलं वजन माझ्यावर उभं असायचं, आणि मी मनात म्हणायचो, बये, दीड महिना कशाला थांबतेस? जा ना आत!

एके दिवशी बाई ऑफिसात गेल्या होत्या. वर्गात झाडणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "अहो, जा की आत! पोरगी किती दिवस मागं लागलीय. कोण बघतंय?"

तिचा उजवा पाय उचलला गेला. माझ्यावर फक्त डावा राहिला. मी वाट पाहत होतो. दाराच्या आत पाच-सहा पावलं, कपाटाला वळसा, संपलं.

पाय परत खाली आला. माझ्यावरच.

"नको मावशी," ती हळूच म्हणाली. "भिंगरी बघतेय."

मला तिचा राग आला. एवढा कसला ताठा? पॉलिशच्या बुटांना कुणी अडवत नाही, आणि ही स्वतःलाच अडवतेय! त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात नाही नाही ते बोललो. त्याची मला आता लाज वाटते.

त्यानंतर सातच दिवस ती आली. आठव्या दिवशी भिंगरीला सोडायला तिचे बाबा आले. गॅरेजमधले जाड बूट, ऑइलचा वास. भिंगरीनं गिरकी घेतली नाही. पुढे एका सोमवारी दोघंही आली नाहीत, आणि मग दोन आठवडे कुणीच आलं नाही. तिची खुंटी रिकामी होती. मुलं बाईंना विचारायची, बाई म्हणायच्या, "ताप आला असेल."

मग एका सकाळी बाबा एकटेच आले आणि माझ्यावर उभे राहून त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. भिंगरीची आई गेली होती. आजार उन्हाळ्यातच कळला होता. डॉक्टरांनी वर्षभराचासुद्धा भरवसा दिला नव्हता. बाईंनी दाराची चौकट धरली.

"अहो, मला का नाही सांगितलंत? मी त्यांना रोज आत आणून बसवलं असतं. त्या एकदा जरी म्हणाल्या असत्या ना…"

"मी म्हणायचो तिला, सांगून टाक," बाबा म्हणाले. "तर म्हणायची, पोरीकडे कुणी कीव करून बघायला नको. आणि आत जायचं म्हटलं की म्हणायची, बाईंनी सांगितलंय ना? मीच बाईंचं ऐकलं नाही, तर भिंगरी कशी ऐकेल? माझ्यामागं तिला सांगायला बाईच आहेत."

बाईंच्या चपला माझ्या एका कडेला, बाबांचे बूट दुसऱ्या, अशी दोघं उभी होती. आत मुलांनी गोंधळ घातला होता, पण त्या दिवशी बाई कुणाला रागावल्या नाहीत.

वर्गदर्शनाचा दिवस उजाडला. पालक आपापल्या मुलाचा हात धरून मला ओलांडत होते. भिंगरी बाबांना घेऊन आली आणि माझ्यावर येऊन थांबली. बाबा म्हणाले, "चल, दाखव ना."

"आई येणार होती."

"हो गं. पण आता मी आलोय ना?"

तिनं त्यांच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी पाय पुसा," आणि त्यांना आत घेऊन गेली. मला कपाटामागचं दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. इतके दिवस मला वाटत होतं, त्या चित्रात आई असेल, नाही तर घर असेल. तसलं काही नव्हतं.

"हत्ती आहे होय हा?" बाबांचा आवाज आला. "निळा?"

"हो."

"आणि पाय सहा?"

"त्याला घाई आहे म्हणून."

बाबा हसले. अगदी मोकळं, मोठ्यानं हसले. आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला, तो काही केल्या आवरेना. भिंगरी एवढंच म्हणाली, "आई पण हसली असती ना?"

पुढच्या वर्षीच्या सभेत बाईंनी सगळे नियम सांगितले, दारापासून पेन्सिलींपर्यंत. माझ्याजवळ आल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "निरोप दारातच घ्या. पण मुलानं हात धरून आत ओढलं, तर या. दोन मिनिटं या."

"मग रोज रडारड होईल ना, बाई?" कुणीतरी विचारलं.

"होईल," बाई म्हणाल्या. "आणि फॉर्ममधला शेवटचा प्रश्न कुणी रिकामा सोडू नका. काही नसेल तर 'काही नाही' असं लिहा. मी प्रत्येकाला विचारणार आहे."

त्याला आता दोन वर्षं झाली. भिंगरी वरच्या मजल्यावरच्या वर्गात असते, तिचे पाय आता माझ्यावर पडत नाहीत. माझा काथ्या मधोमध विरलाय, पाठीचं रबर सुटून आलंय. परवा शिपाईकाकांनी टेप लावून दाराचं माप घेतलं. सुट्टीनंतर इथं नवं पायपुसणं येईल. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

तुम्हाला वाटत असेल, भिंगरीच्या आईच्या पावलांचे ठसे मी कुठंतरी जपून ठेवले असतील. नाही हो. दुसऱ्याच दिवशी तीस पोरं माझ्यावरून उड्या मारून गेली आणि संध्याकाळी मावशींनी मला भिंतीवर आपटून झटकलं. तिचं माझ्याजवळ काहीच उरलेलं नाही.

म्हणून जाण्याआधी तुम्हाला एवढंच विनवतो. तुमच्या दारात कुणी नियम पाळून गुपचूप उभं असेल, तर त्याला आतून 'या' म्हणा. मी रोज म्हणत होतो. तिच्या पायाखालून म्हणत होतो, आणि तिला ऐकू गेलं नाही.